जुन्या बाग-ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग बसवायचंय: हायड्रॉलिक की इलेक्ट्रिक?

जुनापत्रा

नमस्कार मंडळी,

बागकामाचा एक जुना छोटा ट्रॅक्टर माझ्याकडे आहे. २० हॉर्सपॉवर, हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह (तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारा), वजन साडेचारशे किलोच्या आसपास. स्टिअरिंग साधं, म्हणजे दांड्याच्या टोकाला पिनियन (छोटा गिअर) आणि त्यात अडकलेला सेक्टर गिअर (पंख्याच्या आकाराचा अर्धवट गिअर). इतकी वर्षं गवत कापलं, ट्रॉली ओढली, कधी तक्रार नव्हती. मागच्या वर्षी पुढे लोडर बसवला आणि सगळं बदललं. बादली मातीने भरलेली असताना जागच्या जागी चाकं वळवायची तर फूटबोर्डवर दोन्ही पाय रोवून अंगाचा भार टाकावा लागतो. माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, असला जोर लावायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. ट्रॅक्टर मात्र विकायचा नाही. इंजिन अजून खणखणीत आहे आणि त्याचा जवळजवळ प्रत्येक बोल्ट मी स्वतः उघडून परत बसवलेला आहे.

शोधाशोध केल्यावर तीन मार्ग दिसले. ऑर्बिट्रोल युनिट (स्टिअरिंग फिरेल तसं तेल मोजून देणारं) आणि हायड्रॉलिक सिलिंडर लावून जुना गिअर काढूनच टाकायचा, हा एक. कारमधला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा कॉलम मध्ये घालायचा, हा दुसरा. तिसरा म्हणजे ड्रॅग लिंकमध्येच (गिअरपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यातच) व्हॉल्व्ह असलेला जुन्या पद्धतीचा बूस्टर सिलिंडर, पण माझ्या मापाचा तसा भाग कुठे मिळत नाही. वेल्डिंग, ड्रिलिंग मला येतं, लेथ येत नाही. हायड्रॉलिकचा अनुभव होज बदलण्यापुरता.

कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. आगाऊ धन्यवाद.

बोल्टनट

दादा, सिलिंडर शोधण्याआधी एक काम करा. पुढचा ॲक्सल जॅकवर उचला, खाली घोडी लावा आणि चाकं हवेत असताना स्टिअरिंग फिरवून बघा. एका बोटाने फिरायला हवं. फिरत नसेल तर तुमचा निम्मा जोर गंज आणि वाळलेलं ग्रीस खातंय.

अशा ट्रॅक्टरच्या स्पिंडलची (ज्यावर पुढचं चाक वळतं त्या खुंटाची) कामं मी बरीच केली आहेत. बहुतेकांमध्ये स्पिंडलच्या खांद्यावर नुसता चपटा वॉशर असतो आणि पुढचं सगळं वजन त्या वॉशरवर घासत वळतं. तिथे निडल थ्रस्ट बेअरिंग आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कडक वॉशर बसवले की फरक हाताला लगेच कळतो. बुश झिजले असतील तर स्पिंडल तिरका होऊन आवळतो, तेव्हा बुश आधी. ग्रीस निपल नसेल तर या निमित्ताने पाडून घ्या.

पुढच्या टायरमधली हवा बघा. गवत कापताना कमी हवा चालते, लोडर असताना टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या जवळपास ठेवावी लागते. टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरच्या बाजूला किंचित आत वळलेली, ३ ते ६ मिमी.

आणि मागे वजन लावलंय का? इथे बरेच जण चुकतात. मागच्या चाकांना लोखंडी चकत्या लावल्या किंवा टायरमध्ये पाणी भरलं तर पकड वाढते, पण पुढचा भार एक किलोनेही हलका होत नाही, कारण ते वजन बरोब्बर मागच्या ॲक्सलवरच पडतं. पुढचं उचलायचं तर वजन ॲक्सलच्या मागे लटकलेलं हवं. तरफेचा साधा नियम आहे.

हे सगळं करा. मग स्प्रिंग काटा घ्या, स्टिअरिंगच्या कडेला अडकवून स्पर्शरेषेत ओढा आणि आकडा इथे टाका. त्यानंतर पॉवर स्टिअरिंगचं बोलू.

नवशिक्या२

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडेही हाच त्रास आहे.

रानजाई

मी इलेक्ट्रिक केलंय, दोन हंगाम झाले. कारच्या कॉलमचा मोटर असलेला भाग घेतला, वरच्या बाजूला ट्रॅक्टरचं स्टिअरिंग, खालच्या बाजूला ट्रॅक्टरचा जुना दांडा, मध्ये दोन युनिव्हर्सल जॉइंट. तेल नाही, होज नाही, गळती नाही. बसवायला चार शनिवार लागले. माझ्या मनगटाला त्याने खरोखर आराम मिळाला, त्यामुळे मी मनापासून सुचवेन.

पण माझ्या ट्रॅक्टरला लोडर नाही. फक्त कटर डेक आणि मागे छोटी ट्रॉली. ही गोष्ट लक्षात घ्या.

तारतंत्री

रानजाईताईंच्या प्रतिसादात विजेची बाजू जोडतो.

या कॉलममध्ये एक पातळ टॉर्शन बार असतो. तुम्ही स्टिअरिंग वळवता तेव्हा तो किंचित पिळतो, टॉर्क सेन्सर तो पीळ मोजतो आणि त्या प्रमाणात मोटर वर्म गिअरमधून दांडा फिरवते. कारमध्ये कंट्रोलरला गाडीचा वेग आणि इंजिन चालू असल्याचा संदेश कॅन बसवरून (गाडीतल्या डेटाच्या वायरवरून) मिळतो. ट्रॅक्टरवर ते संदेश नसतात. काही कंट्रोलर अशा वेळी ठरावीक मध्यम मदत देत राहतात, काही सरळ बंद होतात. म्हणून कॉलम घेताना तो संदेशाशिवाय चालतो याची खात्री करूनच घ्या, किंवा वेगळा कंट्रोलर लावा. ओपेल कोर्साचा कॉलम हौशी लोकांत इतका चालला तो याच कारणाने. त्याला नॉब फिरवून मदत कमी-जास्त करता येईल असे छोटे कंट्रोलर मिळतात.

दुसरा मुद्दा करंटचा. जागच्या जागी पूर्ण जोराने वळवताना १२ व्होल्टला ४० ते ६० अँपियर लागू शकतात. बाग-ट्रॅक्टरच्या फ्लायव्हीलखालचं चार्जिंग १५ ते २० अँपियरचं असतं. गवत कापताना हे खपून जातं, कारण जोर क्षणभरच लागतो, मधल्या वेळात बॅटरी भरून निघते. लोडरच्या कामात मात्र माणूस दर अर्ध्या मिनिटाला चाक या टोकाचं त्या टोकाला नेतो. तिथे बॅटरी हळूहळू रिकामी होते. १० चौरस मिमीची वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि किल्लीवर चालणारा रिले, यात कसर करू नका.

जुनापत्रा

बोल्टनटदादा, तुमचं ऐकलं. चाकं हवेत उचलली तरी स्टिअरिंग दोन हातांनी फिरवावं लागत होतं! डावा स्पिंडल काढायला दीड दिवस गेला. आत वॉशरचा कागद झाला होता आणि बुश एका बाजूने खाल्लेला.

दोन्ही बाजूंना नवे बुश, थ्रस्ट बेअरिंग, ग्रीस निपल. टायरची हवा वाढवली. मागच्या हिचवर ८० किलोची सिमेंटची पेटी लटकवली. बादली भरून, कोरड्या काँक्रीटवर, ट्रॅक्टर उभा असताना स्टिअरिंगच्या कडेला आधी १९ किलो लागत होते, आता १२. चालत्या ट्रॅक्टरवर तर त्याहून बराच हलका लागतो.

बिनलोडरचा असता तर मी इथेच थांबलो असतो. पण १२ किलो माझ्या खांद्याला अजूनही जास्त आहेत. तेव्हा पुढे जायचं आहे.

बोल्टनट

छान काम. आता मूळ प्रश्न, हायड्रॉलिक की इलेक्ट्रिक. माझ्या मते हे तेल आणि विजेचं भांडण नाही. मदत कोणत्या ठिकाणी मिळते ते बघा.

इलेक्ट्रिक कॉलम मदत करतो ती स्टिअरिंग आणि सेक्टर गिअरच्या मधे. म्हणजे मोटरचा सगळा जोर त्याच जुन्या पिनियनमधून, त्याच सेक्टरच्या दातांमधून, त्याच ड्रॅग लिंकमधून पुढे जातो. आजवर तुमचा हात दुखायचा म्हणून जोर आपोआप मर्यादेत राहायचा. मोटरला दुखत नाही. चाक दगडाला टेकलं असेल तर माणूस थांबतो, मोटर ढकलत राहते आणि दात जातात. रानजाईताईंच्या हलक्या ट्रॅक्टरवर हे ठीक आहे, भरल्या लोडरवर मला पटत नाही.

सिलिंडर मदत करतो ती गिअरच्या पलीकडे, थेट ॲक्सलवर. सेक्टर गिअरला काही कामच उरत नाही. कारखान्यातून पॉवर स्टिअरिंगसह आलेल्या बाग-ट्रॅक्टरांनी हाच रस्ता घेतला होता. जॉन डिअरचा १९७५ मधला ४०० आणि १९८३ मधला ३१८ हे दोन्ही हायड्रॉलिकच.

पण धोका इथेही तोच, फक्त जागा बदलते. सिलिंडरची ताकद ॲक्सलच्या ताकदीपेक्षा जास्त झाली तर स्टिअरिंग आर्म वाकेल, टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) वाकेल. म्हणून अंदाजाने मोठा सिलिंडर उचलून आणू नका. आधी मोजा: ड्रॅग लिंक सोडा, स्टिअरिंग आर्मवर लांब पाईप चढवा, पाईपच्या टोकाला काटा लावून ओढा. बादली भरलेली, काँक्रीट कोरडं.

जुनापत्रा

मोजलं. स्पिंडलच्या मध्यापासून ६० सेंमीवर काटा लावला, ४५ किलोला चाकं हलली. टाय रॉड जोडलेलाच होता, म्हणजे दोन्ही चाकांचा मिळून हा आकडा. सिलिंडर जिथे जोडता येईल ते भोक स्पिंडलच्या मध्यापासून १२० मिमीवर आहे. चाकं दोन्हीकडे सुमारे ४० अंश वळतात.

बोल्टनट

झकास, आता गणित सोपं आहे.

४५ किलो गुणिले ०.६ मीटर म्हणजे २७ किलो-मीटर. आर्म १२० मिमीचा, तेव्हा चाकं सरळ असताना सिलिंडरला २७ भागिले ०.१२, म्हणजे २२५ किलो जोर लागेल. पण चाकं टोकाला वळली की आर्म तिरका होतो आणि त्याची कामाची लांबी घटते. १५० मिमी स्ट्रोकचा सिलिंडर मधोमध लावला तर दोन्हीकडे सुमारे ३९ अंश मिळतात, आणि तिथे १२० मिमीचे जेमतेम ९४ उरतात. जोर २८८ किलोपर्यंत चढतो. हा आपला खरा आकडा. बरेच लोक सरळ चाकांवर हिशेब करतात आणि मग शेवटच्या टप्प्यात स्टिअरिंग का अडतं ते कळत नाही.

साध्या सिलिंडरमध्ये एका बाजूला रॉड असतो, त्या बाजूला तेलाला जागा कमी. म्हणून ढकलताना जोर जास्त, ओढताना कमी. हिशेब नेहमी ओढण्याचा धरायचा.

२५ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), १६ मिमी रॉड: ७० बारला ओढायचा जोर सुमारे २०७ किलो. कमी पडतो.

३२ मिमी बोअर, १६ मिमी रॉड: ५० बारला ढकलताना ४१०, ओढताना ३०७ किलो. बसतंय.

४० मिमी बोअर, २० मिमी रॉड: ७० बारला ढकलायचा जोर जवळजवळ ९०० किलो. तुमच्या ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या दुप्पट जोर आर्मवर! हाच सिलिंडर लोक सगळ्यात जास्त बसवतात, कारण तो सहज मिळतो.

आता युनिट. ऑर्बिट्रोल हे मूळचं व्यापारी नाव, पण अशा सगळ्याच युनिटना आपण तेच म्हणतो. आत एक जिरोटर (तेल मोजणारी गिअरची जोडी) असतो. स्टिअरिंग एक फेरा फिरवलं की तो ठरावीक तेल मोजून सिलिंडरला देतो. तुमच्यासाठी ५० सीसीचं घ्या. ३२ मिमी बोअर आणि १५० मिमी स्ट्रोकला एका बाजूला १२० सीसी, दुसऱ्या बाजूला ९० सीसी तेल लागतं. म्हणजे टोकापासून टोकापर्यंत एकीकडे जाताना जवळपास २.४ फेरे, परत येताना १.८. हा फरक पहिले दोन दिवस जाणवतो, मग हात सरावतो. अजिबात नको असेल तर दोन्ही बाजूंना रॉड असलेला सिलिंडर घ्यावा लागेल. २५ चा सिलिंडर घेतला असता तर एका दिशेला एका फेऱ्यातच चाकं या टोकाची त्या टोकाला गेली असती, आणि उतारावर ते फार धोक्याचं.

नवशिक्या२

लोडरला हायड्रॉलिक पंप आहेच ना? मग वेगळा पंप कशाला? तिथूनच तेल घेता येणार नाही का?

बोल्टनट

चांगला प्रश्न. घेता येतं, पण दोन ठिकाणी पाय घसरतो.

एक, ऑर्बिट्रोल पुढे आणि लोडरचा व्हॉल्व्ह त्याच्या रिटर्नवर, असं एकामागे एक जोडलं तर लोडर उचलताना त्याचा सगळा दाब ऑर्बिट्रोलच्या टी पोर्टवर येतो. तो पोर्ट टाकीकडे जाण्यासाठी आहे, त्याला जास्त दाब सोसत नाही, वरचं सील जातं. मध्ये प्रायॉरिटी व्हॉल्व्ह लावून स्टिअरिंगला पहिला वाटा द्यावा लागतो.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. अनेक हायड्रोस्टॅटिक बाग-ट्रॅक्टरांत लिफ्टचं तेल ड्राइव्हच्याच चार्ज पंपाकडून (ड्राइव्हला तेल पुरवत राहणाऱ्या छोट्या पंपाकडून) येतं आणि लिफ्टचा व्हॉल्व्ह ओलांडून परत ड्राइव्हला मिळतं. त्या वाटेतलं तेल तुम्ही वळवून वेगळ्या टाकीत सोडलंत तर ड्राइव्हला चार्ज मिळणार नाही आणि ट्रान्समिशन निकामी होईल. सर्किटचा नकाशा हातात असल्याशिवाय तिथे पाना लावू नका.

जुनापत्रांसाठी मी वेगळा पंप सुचवेन. कारचा पॉवर स्टिअरिंग पंप बेल्टवर चालायलाच बनवलेला असतो, त्यात फ्लो कंट्रोल असतो, बऱ्याचदा टाकीही वरच बसवलेली असते. साधा गिअर पंप घेतला तर त्याच्या शाफ्टला बेल्टची आडवी ओढ चालत नाही, त्याला वेगळ्या बेअरिंगचा आधार द्यावा लागतो. तेलाची गरज तशी फार नाही. मिनिटाला ६० फेऱ्यांच्या वेगाने स्टिअरिंग फिरवलं तरी ५० सीसीला ३ लिटर प्रति मिनिट पुरतात. मात्र कारच्या पंपातला रिलीफ (जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) ८० बारच्या घरात किंवा त्याहून वर असतो. तुम्हाला ५० हवेत. तेव्हा बाहेर वेगळा रिलीफ व्हॉल्व्ह लावाच.

लेथवाला

सिलिंडर कुठे बांधणार आहात? दोन्ही टोकं ॲक्सलवरच हवीत, सिलिंडरचं शरीर ॲक्सलला आणि रॉड आर्मला. एक टोक चासीला बांधलंत तर ॲक्सल खड्ड्यात तिरका झाला की चाकं आपोआप वळतील.

आणि ॲक्सल बिडाचा आहे का ते कानशीने घासून बघा. काळा भुगा पडला तर बीड. त्यावर वेल्डिंगने कान लावलेत तर आज ना उद्या टाक्याच्या कडेने चीर जाईल. १० मिमी प्लेटचे दोन तुकडे ॲक्सलच्या वरून-खालून चिमट्यासारखे बसवा, चार बोल्टनी आवळा आणि कान त्या प्लेटला वेल्ड करा. दोन्ही टोकांना गोलाकार बेअरिंगचे रॉड एंड. साध्या पिनेवर सिलिंडर पिळतो आणि रॉड वाकतो.

स्टिअरिंगच्या स्प्लाईनचा ॲडॅप्टर मी करून देऊ शकतो, मापं निरोपातून पाठवा.

जुनापत्रा

बीडच निघालं! वेल्डिंग मशिनची वायर जोडून ठेवली होती, थोडक्यात वाचलो. लेथवालेदादा, निरोप पाठवला आहे.

रानजाई

जुनापत्रा, एक काळजीपोटी सांगते. हायड्रॉलिक केल्यावर स्टिअरिंग आणि चाकांमध्ये लोखंडाचा दुवा राहत नाही, फक्त तेल. होज फुटला तर? माझ्या कॉलममध्ये मोटर बंद पडली तरी दांडा तसाच जोडलेला असतो. उतारावर काम करत असाल तर याचा नीट विचार करा.

बोल्टनट

ताईंचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. इंजिन बंद पडलं तर ऑर्बिट्रोलमधला जिरोटर हातपंपासारखा चालतो, स्टिअरिंग जड होतं पण वळतं. होज फुटला तर मात्र काहीच उरत नाही. म्हणून सिलिंडरचे दोन होज नवे घ्या, ॲक्सल पूर्ण झुलवून आणि चाकं दोन्ही टोकांना नेऊन ते कुठे घासत, ताणत नाहीत ना बघा, टायरच्या बाजूला जाड रबरी नळीचं आवरण द्या. दर हंगामाला हात फिरवून तपासा, अर्थात इंजिन बंद आणि दाब उतरलेला असताना.

चालू मशिनवर गळती हाताने कधीही शोधू नका. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेलं तेल कातडीत घुसतं. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, पण ताबडतोब शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, हात गमवावा लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधा.

जुनापत्रा

सहा आठवड्यांनी धागा वर काढतो. बसवून झालं, चालतंय! कुणाला उपयोग होईल म्हणून अडचणी लिहितो.

पंपाची दिशा. ब्रॅकेट सोयीचं पडतं म्हणून मी पंप उलट्या तोंडाने बसवला होता. लेथवालेदादांनी फोटो पाहून लगेच ओळखलं की असा तो उलटा फिरेल. हे व्हेन पंप एकाच दिशेने फिरतात. ब्रॅकेट नव्याने केलं, एक रविवार त्यात गेला.

आटे. पंपाच्या एका भोकात माझ्याकडचा मिलिमीटर आट्याचा फिटिंग दोन फेरे छान गेला आणि मग ढिला वाटला. मोजल्यावर कळलं की भोक ३/८ बीएसपीचं (इंची पाईप आट्याचं) होतं आणि मी एम१६ लावत होतो. व्यासात अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त फरक. तसाच आवळला असता तर दाबाखाली उडाला असता. टेफ्लॉन टेप कुठेही वापरली नाही, बोल्टनटदादांनी निरोपातून बजावलं होतं की तिचे तुकडे ऑर्बिट्रोलच्या स्पूलमध्ये अडकतात. सगळीकडे बॉन्डेड वॉशर.

हवा काढणं. पुढची चाकं उचलून, इंजिन अगदी हळू ठेवून, टाकी भरत राहायची आणि स्टिअरिंग या टोकाचं त्या टोकाला सावकाश न्यायचं. पहिल्या दहा फेऱ्यांत तेल ताकासारखं पांढरं झालं. इंजिन बंद करून रात्रभर ठेवलं, सकाळी स्वच्छ. पुन्हा तेच केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज पूर्ण गेला. पहिल्या वळणाला चाकं उलट्या बाजूला गेली, एल आणि आर चे होज अदलाबदल केले, संपलं.

रिलीफ. दाबाच्या लाईनवर गेज लावून ३० बारपासून सुरुवात केली. ४० ला भरलेल्या बादलीसकट ओढायच्या बाजूला चाक निम्म्याच्या थोडं पुढे जाऊन थांबायचं. ४८ ला पूर्ण वळलं. तिथेच लॉक नट आवळला. दादा, तुमचं कागदावरचं गणित आणि माझं गेज इतकं जुळेल असं मला खरंच वाटलं नव्हतं.

स्टिअरिंगच्या कडेला आता स्प्रिंग काटा एक किलोच्या आतच राहतो. काल संपूर्ण ढीग हलवला, खांदा शांत आहे. हे लिहिताना मला किती आनंद होतोय ते शब्दांत सांगता येत नाही. सगळ्यांचे मनापासून आभार.

एक शंका मात्र आहे. वळण पूर्ण झाल्यावर स्टिअरिंग सोडलं तर चाकं आपोआप सरळ होत नाहीत, पूर्वी थोडी तरी यायची. आणि स्टिअरिंगवरचा नॉब सरळ चालताना कधी वर, कधी बाजूला असतो. काही बिघडलंय का?

बोल्टनट

काही बिघडलेलं नाही. तुमचं युनिट नॉन-रिॲक्शन प्रकारचं आहे. स्टिअरिंग सोडलं की ते सिलिंडरचे दोन्ही पोर्ट बंद करतं, चाकं जिथे आहेत तिथेच राहतात. लोडरच्या कामाला हेच बरं, दगडाचा धक्का हाताला लागत नाही. सरळ यायला स्टिअरिंग परत फिरवायची सवय करावी लागेल, पहिले काही दिवस मोकळ्या जागेत हळू चालवा. नॉबची जागा सरकते ती आतल्या किंचित गळतीमुळे, लोखंडी दुवा नसल्याने ते होणारच.

दोन गोष्टी बघा. चाक टोकाला नेऊन तिथेच ताणून धरू नका. पंप मिनिटाला ७ लिटर देत असेल तर ४८ बारला अर्ध्या किलोवॉटहून जास्त ताकद नुसती तेल तापवण्यात जाते, छोट्या टाकीत ते पटकन उकळीला येतं. आणि सिलिंडरचा स्ट्रोक ॲक्सलच्या स्टॉपच्या दोन-तीन मिमी आधी संपतोय ना? तसा असला की टोकाचा जोर सिलिंडरच्या आतच राहतो, आर्मवर येत नाही.

जुनापत्रा

डाव्या बाजूला आधी संपतो, उजव्या बाजूला स्टॉप आधी लागत होता. रॉड एंड दोन फेरे आत घेतला, आता दोन्हीकडे जुळलं.

तारतंत्री

उत्तम धागा. इलेक्ट्रिकवाला असूनही मान्य करतो की लोडर असेल तर हेच बरोबर. नवशिक्या२, तुमच्या ट्रॅक्टरला लोडर आहे का?

नवशिक्या२

नाही, फक्त कटर. काल चाकं उचलून पाहिली, स्टिअरिंग दोन हातांनीसुद्धा मुश्किलीने फिरतं. आधी थ्रस्ट बेअरिंगच मागवतो.

लेथवाला

जुनापत्रा, ४० तास झाले असतील ना आता? क्लॅम्पचे चार बोल्ट तपासले का? आणि टाय रॉडचे रॉड एंड अजून मूळचेच आहेत का?

जुनापत्रा

तपासले. एक बोल्ट पाव फेरा ढिला होता, खाली वाकवायचे लॉक वॉशर घातले. टाय रॉडचे एंड मूळचे १० मिमीचे होते, डाव्या बाजूचा हाताने हलवल्यावर टकटक करत होता. आज दोन्ही काढून १२ मिमीचे बसवले, टो-इन परत ४ मिमीवर आणला.